दीड पान पाठीला, एक ओळ तळपायाला

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. वय ४८. हे ५६ वर्षांचे, वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर आहेत. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाला पोटाचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून माझ्या मनातून ती भीती जात नाही. ह्यांच्या पाठीवर पूर्वी चार-दोन तीळ होते, आता तेरा झालेत. मी मोजलेत. बरेचसे खरखरीत आहेत, चॉकलेटी-काळे, नखानं खरवडले तर निघून येतील असे. एक उजव्या खांद्याखाली आहे, तो अर्धा फिका आणि अर्धा गडद. मानेवर बारीक चामखिळी आहेत. मुलीनं मोबाईलवर फोटो दाखवले, ते बघून मला रात्रभर झोप नाही. तिनं एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यात एकदा लाल खूण आली, त्याच तिळाचा परत फोटो काढला तर हिरवी. हे झोपले की मी टॉर्च लावून पाठ बघते. परवा त्यांना जाग आली आणि फार चिडले. "माझी पाठ आहे की सातबारा?" म्हणाले. सासूबाई म्हणतात, पाठीवरचे तीळ भाग्याचे, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. शेजारणीनं पार्लरमध्ये गालावरचा तीळ जाळून घेतला, तसं करावं का? तुकडा काढून तपासला तर रोग पसरतो म्हणतात, ते खरं आहे का? तळपायालाही एक काळा डाग आहे सात-आठ महिन्यांपासून, पण ते दरवर्षी पायी वारी करतात, त्यामुळे असेल. यंदाही जायचं म्हणतात. मी काय करू?

उत्तर :

ताई,

तुमचं मूळ पत्र दोन पानांचं होतं, इथे आटवून छापलंय. पण वाचकांना एवढं सांगायला हवं की त्यातलं दीड पान पाठीवर होतं. सासूबाई, शेजारीण आणि मावसभाऊ यांनी मिळून उरलेलं अर्धं पान घेतलं. तळपायाच्या वाट्याला आली एक ओळ, आणि तीही "त्यामुळे असेल" म्हणून तुम्हीच मिटवून टाकलीत. तुमची झोप पाठीमुळे उडाली आहे. मला मात्र आधी पाय बघायचाय.

मी फॅमिली डॉक्टर आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पत्र वाचून निदान करत नाही, कुणी करत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो डाग साधाच निघेल, अशीच शक्यता जास्त आहे. तरीही तो याच आठवड्यात तज्ज्ञाला दाखवा असं मी म्हणते, कारण तुम्ही लिहिलेला हिशेब जुळत नाही.

वारी कधी असते? ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. तुमचं पत्र वैशाखातलं. सात-आठ महिने मागे मोजले की आपण भाद्रपद-आश्विनात पोचतो. म्हणजे डाग नजरेला आला तो वारी संपून दोन-तीन महिने झाल्यावर. चालून चालून कातडीखाली रक्त साकळतं, हे खरं. टाचेला काळे ठिपके उठतात, बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांनाही उठतात. पण कातडी खालून नवी येते आणि वरची झडते. तळव्याची कातडी जाड, तिला वेळ जास्त लागतो, तरी साकळलेलं रक्त काही आठवड्यांत, फार तर दोनेक महिन्यांत वर सरकून निघून जातं. आठ महिने एकाच जागी ठाण मांडून बसत नाही. तेव्हा हा डाग कशाचाही असो, वारीच्या नावावर तो खपवता येणार नाही.

आता मुलीनं दाखवलेल्या फोटोंबद्दल. ते मीही पाहिलेत. सगळ्या गोऱ्या पाठी, गोरे खांदे, गोरे पाय. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा जो कॅन्सर होतो त्याला मेलॅनोमा म्हणतात, आणि तो प्रामुख्यानं गोऱ्या लोकांचा आजार. ऑस्ट्रेलियात त्याचं प्रमाण जगात सर्वाधिकांपैकी आहे, कारण गोरी कातडी आणि कडक ऊन. भारतात वर्षाला लाखात एकालाही होत नाही. ही तुमच्यासाठी मोठी दिलाशाची गोष्ट आहे, ती नीट मनात घ्या. पण या दिलाशाला एक फट आहे. आपल्याकडे जो थोडा होतो, त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो. जिथे ऊन पोचत नाही तिथे. त्यामुळे सनस्क्रीनच्या जाहिरातींचा याच्याशी संबंध नाही, आणि "आम्ही काही उन्हात फिरत नाही" या समाधानाचाही नाही. मोबाईलवरचे फोटो बघून तुम्ही टॉर्चचा झोत पाठीवर टाकलात, त्यात तुमचा दोष नाही. त्या फोटोंत तळपाय नव्हताच.

आणि आपल्या घरांत तळपायाला तीळ दिसला की काय म्हणतात? पायाला भिंगरी! हा घरात टिकायचा नाही, देशोदेशी हिंडणार. तुमच्या सासूबाईंनी हे म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण लेक वारीला जातो म्हटल्यावर एकदा तरी म्हटलं असणारच. मला या समजुतीचा राग नाही, माझ्या आजीनं माझ्या हनुवटीवरच्या तिळावरून माझं अख्खं लग्न जुळवून ठेवलं होतं. राग येतो तो एवढ्याचसाठी की डागाला एकदा गोड अर्थ चिकटला की मग त्याच्याकडे कुणी डोळे उघडून बघत नाही.

डोळे उघडून न बघणाऱ्यांत मीही होते. अकरा वर्षांपूर्वी एक शिंपी माझ्याकडे आले, उजव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ. "दुकानाच्या शटरमध्ये सापडला होता," म्हणाले. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, रक्त आहे, नख वाढेल तसं निघून जाईल. तीन महिन्यांनी ते बायकोच्या खोकल्यासाठी आले. मी चिठ्ठी लिहीत होते आणि त्यांचा अंगठा टेबलावर होता. रेघ तिथेच. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. तीन महिन्यांत रक्ताचा डाग जवळजवळ सेंटिमीटरभर पुढे सरकायला हवा होता आणि मागे, मुळाशी, कोरं नख दिसायला हवं होतं. इथे रेघ मुळाला चिकटलेली, तिथे जास्तच रुंद, आणि नखाच्या बुडाच्या कातडीवर शाई सांडावी तसा काळा ओघळ. मी त्यांना त्याच दिवशी पुढे पाठवलं. अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागलं. ते आजही शिवणकाम करतात, कात्री धरायची त्यांनी वेगळी तऱ्हा बसवली आहे. मला भेटले की हसून अंगठा दाखवतात. मला मात्र ते तीन महिने आठवतात. शटरची गोष्ट त्यांनी सांगितली आणि मी ती घेतली, कारण ती सोयीची होती. तुमच्या पत्रातली वारी वाचल्यावर मला शटर आठवलं.

(नखांविषयी आणखी एक, नाहीतर उद्या दहा पत्रं येतील. आपल्या सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांत फिकट तपकिरी रेघा असतात आणि त्या जन्मभर निरुपद्रवी राहतात. चार-पाच नखांत असतील तर सहसा घाबरायचं कारण नसतं. एकाच नखात, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यात, नव्यानं आलेली आणि रुंद होत चाललेली रेघ दाखवावी.)

तर ह्यांचा तळपाय. रात्री टॉर्च लावून नको. सकाळी आंघोळीनंतर, गॅलरीत, पाय कोरडा करून, त्यांना सांगून बघा. सावळ्या माणसांच्या तळव्यांवर सपाट, फिकट तपकिरी ठिपके असणं अगदी नेहमीचं आहे, दोन्ही पायांवर असतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. घट्टा पिवळट असतो, दाबला की निबर लागतो. भोवरीच्या मध्ये कडक खिळा असतो. चामखीळ तळव्यात रुतलेली असेल तर तिच्यात बारीक काळे टिपके दिसतात आणि कातडीच्या रेषा तिच्याशी येऊन तुटतात. यातलं काहीच लागू पडत नसेल, डाग एकटाच असेल, कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या, रंग कुठे काळा, कुठे तपकिरी, कुठे राखाडी, वर्षभरात मोठा झालेला, किंवा त्यातून कधी रक्त-पाणी आलेलं, तर आठवडाभरही थांबू नका. यातलं काही नसलं तरी दाखवाच, फक्त मग रात्री झोपा.

कुणी मेडिकलमधून कॉर्नची पट्टी आणून लावली असेल तर आधी काढा. त्या पट्टीतलं औषध कातडी सोलवटतं, डागाचं मूळ रूप बिघडवतं, आणि डॉक्टरला मग अर्धवट खोडलेली पाटी वाचावी लागते. साखर असणाऱ्यांनी तर ती पट्टी कधीच लावू नये. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही : हा आजार क्वचित काळा नसतोच. गुलाबी, ओलसर, न भरणाऱ्या जखमेसारखा दिसतो आणि लोक महिनोन्‌महिने मलमपट्टी करत राहतात. तळव्याची कुठलीही जखम दोन महिन्यांत भरली नाही तर पट्टी बदलण्याऐवजी डॉक्टर बदलावा, असं मी माझ्या पेशंटना सांगते.

त्वचारोगतज्ज्ञ काय करतील? त्यांच्याकडे डर्मोस्कोप नावाचं दिव्याचं भिंग असतं, ते डागावर टेकवून बघतात. सुई नाही, दुखणं नाही. त्यात काय दिसतं ते मला फार आवडतं म्हणून सांगते. आपल्या तळव्याला ऊस लावताना पाडतात तशा सरी आणि वरंबे असतात. साधा तीळ असला तर रंग सहसा सरीत साठतो, पाणी साठावं तसा. मेलॅनोमात रंग वरंब्यावर चढतो. जपानी डॉक्टरांनी हे फार बारकाईनं तपासलं, कारण त्यांच्याकडेही हा आजार तळपायालाच जास्त होतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही डाग सारखेच काळे दिसतील, भिंगातून मात्र सराव असलेल्या माणसाला पाच मिनिटांत बराच अंदाज येतो. म्हणूनच तुमच्या मुलीचं अ‍ॅप काढून टाका. एका तिळाला एकदा लाल आणि एकदा हिरवं म्हणणारं यंत्र तुमच्या घरात भांडण लावण्याव्यतिरिक्त काही करत नाहीये. शिवाय अशी अ‍ॅप ज्या फोटोंवर शिकवली जातात ते बहुतांश गोऱ्या कातडीचे असतात. आपली कातडी त्यांनी फारशी पाहिलेलीच नसते.

भिंगातून शंका आली तर तुकडा तपासावा लागेल. तुमचा प्रश्न : त्यानं पसरतं का? नाही. ही समजूत इतकी पक्की का झाली तेही मला ठाऊक आहे. लोक उशिरा येतात, गाठ आधीच आत गेलेली असते, मग तुकडा काढला जातो, मग सहा महिन्यांत माणूस जातो, आणि आळीत सगळे म्हणतात, हात लावला आणि पसरलं. क्रम खरा असतो, कारण चुकीचं असतं. उलट १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टनं दाखवून दिलं की मेलॅनोमात खरं महत्त्व असतं ते तो कातडीत किती खोल उतरलाय त्याला. ती खोली अजूनही मिलिमीटरमध्येच मोजतात, ब्रेस्लोच्याच नावानं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं तेवढा भाग काढून बरी होतात. आणि ती खोली तुकडा तपासल्याशिवाय जगात कुणालाही कळत नाही, मला नाही, टाटातल्या मोठ्या डॉक्टरांनाही नाही.

खोटं सांगणार नाही, तळपायात भुलीचं इंजेक्शन बऱ्यापैकी झोंबतं. टाके दोन-तीन आठवडे ठेवावे लागतात आणि तोवर त्या पायावर भार कमी द्यायचा. पुढे मी वारीचं बोलणार आहे, तिथे हे उपयोगी पडेल.

आता या पाठीकडे. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे खरखरीत, चॉकलेटी, वरून चिकटवल्यासारखे, पन्नाशीनंतर वाढत गेलेले, ते बहुतेक तीळ नाहीतच. वयानुसार येणारी ती कातडीची वाढ असते, डॉक्टर तिला सेबोऱ्हिक केराटोसिस म्हणतात. नाव भयंकर, काम शून्य. केस पिकतात तसं हे. ह्यांच्या वडिलांच्या पाठीवर होते का, सासूबाईंना विचारा, हमखास हो म्हणतील, कारण हे घराण्यात चालतं. मग त्यांच्या "भाग्याचे तीळ" या म्हणण्यालाही थोडा आधार मिळेल, घरात तेवढीच शांतता.

खांद्याखालचा दुरंगी मात्र दाखवा. पाठीवरच्या तिळांसाठी १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी चार खुणा सुचवल्या : मधोमध रेघ मारली तर दोन अर्धी सारखी नसणं, कडा अस्पष्ट किंवा खाचेरी असणं, एकात अनेक रंग असणं, आणि सहा मिलिमीटरहून मोठा असणं, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा. पुढे त्यात पाचवी खूण घातली गेली, बदल. माझ्या मते या पाचातली शेवटची एकच धरली तरी चालेल. चाळिशीनंतर नवा आलेला, किंवा असलेला बदलू लागलेला. आणि माझी स्वतःची एक सोपी रीत : पाठीवरच्या सगळ्या तिळांची पंगत बसलीय असं समजा. सगळे एकसारखे जेवत असतील तर वाढत राहा. एखादाच वेगळा दिसत असेल तर त्याला उठवून विचारा, बाबा तू कुणाकडचा?

मानेवरच्या चामखिळींचं कॅन्सरशी काही नातं नाही. पण मान आणि काखेत त्या बऱ्याच असतील, मानेची कातडी काळपट-मखमली झाली असेल, तर रक्तातली साखर तपासा. कॅन्सर शोधायला आलेल्या माणसाला मी मधुमेहाची गोळी देऊन पाठवल्याचे प्रसंग थोडे नाहीत.

पार्लर. यावर मी आवाज चढवणार आहे. तीळ कुठेही जाळून घेऊ नका, चुना-सोडा लावू नका, घोड्याचा केस बांधू नका. शेजारणीचा तीळ साधा असेल, तिचं नशीब. पण जाळलेल्या तिळात काय होतं हे आता कुणालाच कधी कळणार नाही, कारण तपासायला काही उरलंच नाही. तळाशी थोडा राहिला तर तोच पुन्हा विचित्र रूपात उगवतो आणि मग तपासणाऱ्याची खरी परीक्षा. दिसायला नको म्हणून तीळ काढायचाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून काढा, आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवणार का, हे आधी विचारा.

थोडं विषयांतर करते, कारण सासूबाईंचा विषय निघालाच आहे. १९४५ साली टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी कमरेवर होणाऱ्या एका कातडीच्या कॅन्सरचं वर्णन केलं, वर्षानुवर्षं धोतराची गाठ एकाच जागी घट्ट कसल्यामुळे होणाऱ्या. पुढे परकराच्या नाडीनंही तेच होतं, हे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. हेही क्वचितच होतं. पण सासूबाईंच्या कमरेला नाडीचा काळा, निबर पट्टा असेल आणि त्यात कधीपासूनची खपली असेल, तर ह्यांच्याबरोबर त्यांनाही घेऊन जा. नाडी सैल बांधा, जागा बदला, रुंद पट्ट्याचा परकर वापरा, बाकी काही नाही. गोऱ्यांच्या पुस्तकात हे सापडणार नाही. आपला आजार शोधायचा तर आपलं नेसणं, आपलं चालणं बघावं लागतं.

आता ह्यांना न्यायचं कसं? तुम्ही त्यांना अजून नीट सांगितलेलंच नाही. रात्री चोरून बघितलंत, ते चिडले, तुम्ही गप्प बसलात आणि मला पत्र लिहिलंत. त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते, झोपेतल्या माणसाच्या पाठीची पाहणी म्हणजे जरा अतीच. सातबारा हा शब्द त्यांना सुचला, म्हणजे माणूस विनोदी आहे, जमेल.

कॅन्सर हा शब्द टाळू नका. एकदाच, दिवसा, चहाच्या वेळी, सरळ सांगा : पाठीचं मी उगाच मनात घेतलं होतं, पण तळपायाचा डाग वारीचा नाही, तारखा जुळत नाहीत, तो बहुधा काही नसेल, पण नसल्याचं डॉक्टरनं सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. "चेकअपला चला" म्हणून नेलंत आणि तिथे डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तर ते डॉक्टरवर नाही, तुमच्यावर रुसतील.

ते म्हणतील, वारीहून आल्यावर बघू. इथेच तुमचा पत्ता टाका. प्रस्थानाला महिना-सव्वा महिना आहे. आज दाखवलं आणि काही नसलं, तर निर्धास्त चालतील. तुकडा काढावा लागला, तर आत्ता काढला तरच टाके निघून पाय प्रस्थानापर्यंत चालता होईल. वारीनंतर म्हणजे अडीचशे किलोमीटर त्याच डागावर चालायचं, आणि मग पावसाळा, मग गणपती, मग दिवाळी. गेल्या आश्विनातला डाग पुढच्या आश्विनात पोचेल. त्यांच्या दिंडीतलं एखादं वडीलधारं माणूस असेल ज्याचा शब्द ते मोडत नाहीत, त्यांच्या कानावर घाला. बायकोचं न ऐकणारे पुष्कळ पुरुष दिंडीतल्या बुवांचं ऐकतात, तीस वर्षांत मी हे औषध बऱ्याचदा वापरलंय.

कुठे जायचं? जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तरी चालेल, फक्त फोनवर विचारा की डर्मोस्कोप आहे का. खर्चाचा प्रश्न असेल तर कळव्याला महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर पोचा, केसपेपरच्या रांगेत ह्यांना उभं करा, तुम्ही बाकावर बसा, उलटं नको. टाटाचं नाव आत्ता काढूच नका. गरज लागली तर परळ आहे, खारघरला टाटाचंच केंद्र आहे, ठाण्याहून पनवेल लोकलनं थेट जाता येतं. पण तपासणीआधीच खारघरचं तिकीट मनात काढून ठेवलंत तर मधली सगळी स्टेशनं रडत जाल.

आणि टॉर्च कपाटात ठेवा. तुमच्या काळजीला मी वेडेपणा म्हणणार नाही, मावसभावाचं ताजं आहे. पण रोज बघितल्यानं बदल कळत नाही, रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलंही कळत नाही. महिन्यातून एकदाच बघा. लक्षात राहावं म्हणून संकष्टी ठरवा, तुम्ही उपास धरत असाल तर उत्तमच. दिवसाउजेडी, ह्यांच्या संमतीनं, डागाशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. मागच्या संकष्टीचा फोटो शेजारी ठेवून पाहा. मध्ये कितीही वाटलं तरी नाही. चंद्रोदयापर्यंत थांबता, तसंच.

शेवटचं, डॉक्टरकडच्या दिवसाचं. पायाला तेल, मलम, मेंदी काही लावून जाऊ नका. तुमच्या मोबाईलमध्ये आठ महिन्यांतला पायाचा चुकून आलेला एखादा फोटो असेल तर शोधून ठेवा, लग्नाच्या वगैरे फोटोत अनवाणी पाय येतात. आणि ह्यांना एकट्याला आत पाठवू नका. ते शर्ट काढतील, पाठ दाखवतील, डॉक्टर म्हणतील, काही नाही हो, वयाचे आहेत, आणि हे पाच मिनिटांत हसत बाहेर येतील : "बघ, सांगत होतो ना!" पायात बूट तसेच. तुम्ही बरोबर आत जा, आणि खुर्चीवर बसायच्या आधी त्यांना मोजे काढायला लावा.